दांडी बसवणारे ओव्हाळकाका

ओव्हाळकाका गिऱ्हाइकाकडे पाठ करून उभे राहत. भोसरीच्या एमआयडीसीत, टूल ग्राइंडिंगच्या एका पत्र्याच्या शेडमागे दहा-बारा पावलांची मोकळी जागा होती. समोर जुन्या ताडपत्रीचा पडदा टांगलेला. तिथे तुम्ही गोल्फची काठी घेऊन उभं राहायचं आणि बॉल न ठेवता ती नुसती फिरवायची, दहा वेळा. काका तोंड फिरवून, डोळे मिटून, हात मागे बांधून ऐकत. मधे कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. रस्त्यावर शेअर रिक्षावाल्यांचा आरडाओरडा चाललेला असे, शेजारच्या गाळ्यात प्रेस धाडधाड आपटत असे. पण त्या सगळ्या गोंगाटातून हवा तेवढा एक 'सूंऽ' त्यांना बरोबर सापडायचा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, हा माणूस लाजतोय. एका अनोळखी बाईकडे टक लावून कसं पाहायचं म्हणून तोंड फिरवून उभा राहिला असेल. दहा झाल्यावर ते वळले, माझ्या हातातली काठी घेतली, तिच्या दांडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, ही तुमची न्हाई. कुना बाप्याची हाय."

"कंपनीतल्या एकानं मला विकली," मी म्हटलं.

"त्याला आता लई बरं वाटत आसंल."

मग मी माझी अडचण सांगायला लागले, की बॉल वरच उठत नाही, खालून उजवीकडे पळतो, आणि शिकवणारा म्हणतो की दोष माझ्या मनगटात आहे. काकांनी मला हातानेच थांबवलं. "बॉलचं मला सांगू नका. बॉल चुगलखोर हाय, कुनाचंबी नाव सांगतो. मी आवाज ऐकला, तेवढा बास."

मी गोल्फकडे कशी वळले हे सांगितल्याशिवाय काका कळणार नाहीत. मी लातूरकडची. इंजिनियर होऊन चाकणला एका मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात लागले. दहा-बारा वर्षं रिजेक्शनचे आकडे आणि ऑडिटच्या फायली उपसल्यावर एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडे शनिवारी सकाळी गोल्फच्या मैदानावर जे ठरायचं, तेच सोमवारच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं जायचं. परदेशी गिऱ्हाइकं खेळत, आमचे डायरेक्टर खेळत, त्यांच्या मागे मागे खरेदीवाले आणि उत्पादनवाले खेळत. मी एकटी शनिवारी घरी धुणं वाळत घालत असे. शेवटी मी शिकायला सुरुवात केली. जुना सेट घेतला, त्यातली एक काठी हायब्रिड नावाची होती, आणि सगळ्यांत जास्त तिनंच मला रडवलं.

हायब्रिड म्हणजे काय, हे काकांइतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नाही. लांब मारायच्या काठीला खेळणारे लाकूड म्हणतात, जवळ मारायच्या काठीला लोखंड. या दोघांच्या मधली ती हायब्रिड. काका तिला खेचर म्हणत. "घोडा न्हाई, गाढव न्हाई. मिल्ट्रीची खेचरं बघितली न्हाईत तुमी, आमी देहूरोडला बघितलीत. खेचराला घोड्याचा लगाम घातला तर ते उधळतं, आन गाढवाचं ओझं लादलं तर बसून घेतं." लोक लाकडातली हलकी, लांब दांडी काढून हायब्रिडमध्ये बसवतात, नाहीतर लोखंडातली जड दांडी घालतात, आणि मग काठीला शिव्या देतात, असं त्यांचं म्हणणं. दांडी वजनानं मधली हवी. ती किती लवावी हे मात्र मारणाऱ्या माणसावर ठरायचं. त्याचा जोर किती, यापेक्षा तो जोर कधी लावतो, घाईनं लावतो की शेवटपर्यंत राखून ठेवतो, हे त्यांना त्या 'सूंऽ'मध्ये ऐकू यायचं.

त्यांची पद्धत साधी होती. दांडीचं मुठीकडचं टोक ते व्हाइसच्या पकडीत आवळत आणि दुसरं टोक बोटानं खाली ओढून सोडून देत. दांडी थरथरायला लागे. शेजारी रंगाचे पट्टे मारलेल्या त्यांच्या स्वतःच्या चार दांड्या होत्या. त्यांतली एक लावून दोघींची थरथर शेजारी शेजारी बघत. माझ्यासाठी त्यांनी पिवळ्या पट्ट्याजवळची एक निवडली. गरम हवेच्या गननं जुना गोंद मऊ केला, जुनी दांडी न पिळता सरळ ओढून काढली, नवी बसवली आणि काठी कोपऱ्यात उभी केली. मी हात पुढे केला तर म्हणाले, "उद्या या. गोंद कुनाच्या घाईला भीक घालत न्हाई."

पुढच्या शनिवारी माझा बॉल पहिल्यांदा हवेत गेला. नुसता उठला नाही, तर वर जाऊन थोडा वेळ तिथेच विसावल्यासारखा वाटला आणि मग हिरवळीवर पडला. डायरेक्टर साहेब म्हणाले, "अरे, ये तो खेलने लगी." त्या दिवसापासून मी त्यांच्या मंडळींत मोजली जाऊ लागले. काकांना हे सांगायला मी मुद्दाम भोसरीला गेले. ते एका ड्रिलला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "दांडीचं काय न्हाई. तुमचाच बॉल व्हता, अडकून पडला व्हता."

मग मी अधूनमधून जात राहिले. कधी ग्रिप बदलायला, कधी कंपनीतल्या कुणाला घेऊन. त्यांच्याबद्दल जे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी. वडील देहूरोडच्या कारखान्यात मजूर होते. काका तरुणपणी तिथल्या गोल्फच्या मैदानावर अधिकाऱ्यांच्या बॅगा उचलत. सोमवारी मैदान बंद असे, तेव्हा बॅगा उचलणाऱ्यांना खेळायची मुभा होती. काकांनी तीन-चार वर्षं सोमवारचा खेळ खेळला, आणि ज्यांनी पाहिलं होतं त्यांच्या सांगण्यावरून ते फार चांगलं खेळत. मग कुणीतरी नवा साहेब आला आणि सोमवार बंद झाला. त्यानंतर काकांनी मैदानावर एकदाही बॉल मारला नाही. एका निवृत्त अधिकाऱ्यानं त्यांना मोडक्या काठ्या दुरुस्त करायला शिकवलं. पुढे आयटीआय केलं, टूलरूममध्ये लागले, ती कंपनी बंद पडली, मग हे धार लावायचं काम. गोल्फच्या काठ्या हे त्यांचं जोडकाम होतं, पण त्यांचा जीव त्यात होता.

"तुम्हाला परत खेळावंसं वाटत नाही?" मी एकदा विचारलं.

"वाटतं की. पर वाटण्याला कुठं मैदान लागतं?"

मी म्हटलं, मी एकदा पाहुणे म्हणून घेऊन जाते तुम्हाला. ते हसले. मी खरंच नेणार होते. पण पाहुण्यांची यादी डायरेक्टर साहेबांच्या ऑफिसातून जायची, आणि भोसरीच्या शेडमधल्या माणसाचं नाव त्या यादीत कसं लिहायचं, हे मला दर वेळी पुढच्या महिन्यात सुचणार होतं.

दोनेक वर्षांनी हिंजवडीजवळ एक नवा स्टुडिओ निघाला. काचेच्या भिंती, एसी, मोठा पडदा, बॉलचा वेग मोजणारं मशिन. तुमच्या मापाची काठी तिथे बनवून मिळायची. मालक निखिल, बाहेर शिकून आलेला तिशीतला मुलगा. त्याला काठ्या जुळवणारा अनुभवी माणूस हवा होता. मी काकांचं नाव सुचवलं. नुसतं सुचवलं नाही, तर त्यांच्या मागे लागले. वय साठीकडे चाललं होतं. ग्राइंडिंगच्या धुळीनं खोकला लागला होता.

"इथं धुळीत किती दिवस बसणार काका?"

"इथं माझं यंत्र हाय मॅडम. तिथं मीच त्यांचं यंत्र व्हईन."

"असं काय म्हणता? मान मिळेल तुम्हाला."

त्यांनी बराच वेळ हात पुसले. मग म्हणाले, "तुमी म्हणता तर जातो." हे वाक्य मी विसरू शकलेले नाही. ते माझ्या शब्दावर गेले. भोसरीतला त्यांचा कोपरा आठवड्याभरात दुसऱ्या कारागिराला मिळाला.

स्टुडिओत त्यांना काळा टी-शर्ट मिळाला. छातीवर इंग्रजीत 'मास्टर फिटर' असं छापलेलं होतं. पहिले काही महिने बरे गेले. पण तिथे गिऱ्हाइकाकडे पाठ करून उभं राहता येत नसे. निखिल म्हणायचा, कस्टमरला ते विचित्र वाटतं. मशिन आकडे दाखवायचं आणि त्या आकड्यांवर दांडी ठरायची. काका मशिनवर रागवले नाहीत. "मशिन खोटं बोलत न्हाई," ते मला म्हणाले, "पर मशिनीसमोर माणूस खोटं मारतो."

हे ज्या माणसाच्या बाबतीत पुढे खरं ठरलं, त्याला मीच तिथे नेलं. आमचे डायरेक्टर साहेब. त्यांना नवी हायब्रिड हवी होती आणि दांडी हवी होती ती व्यावसायिक खेळाडू वापरतात ती, सगळ्यांत ताठ आणि जड. साहेब पन्नाशी ओलांडलेले, पोट सुटलेलं. मैदानावर ते हळू मारत, संथपणे, आणि तेच त्यांच्या खेळात चांगलं होतं. पण त्या दिवशी पडद्यासमोर, मशिनसमोर, आम्हा तिघांसमोर त्यांनी दात आवळून तीन फटके असे मारले की आकडा वर गेला. साहेब खूश. निखिल त्यांच्यापेक्षा खूश.

काका पुढे झाले. हिंदीत म्हणाले, "साहब, ये मत लगाइए. ये आपकी चाल नहीं है. कोहनी पकड लेगी."

साहेबांनी त्यांच्याकडे न बघता पडद्याकडे बोट दाखवलं.

निखिल काकांना बाजूला घेऊन काहीतरी बोलला. काका त्यालाही म्हणाले, "न्हाई मालक, नगं." मग ते माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमी सांगा साहेबांना. तुमचं ऐकतील."

मी हसले. "जाऊ द्या काका, त्यांची हौस आहे."

काकांनी दांडी बसवली. जी बसवायची नाही असं ठरवलं होतं, तीही त्यांनी मन लावून, सरळ रेषेत बसवली. मी पाहत होते.

महिनाभरानं आमच्या कंपनीनं परदेशी पाहुण्यांसाठी सामने ठेवले. साहेबांची हायब्रिड त्या दिवशी एकदाही सरळ चालली नाही. दोन बॉल तळ्यात गेले. तिसऱ्याला पाहुण्यांमधला एक जण हसला. दुपारपर्यंत साहेबांचं कोपर सुजलं. सोमवारी दुपारी ते मला गाडीत घालून थेट स्टुडिओत गेले. काठी काउंटरवर आपटली.

"किसने फिट किया ये? गलत लगाया है."

निखिल पुढे येऊन सॉरी सॉरी करायला लागला. काका ग्रिप साफ करत होते, ते उठून आले. साहेब त्यांना म्हणाले, "तुमने ही पसंद किया था ना ये शाफ्ट?"

काका म्हणाले, "नहीं साहब. मैंने मना किया था."

साहेब माझ्याकडे वळले. त्या महिन्यात क्वालिटी हेडची जागा रिकामी झाली होती आणि माझं नाव साहेबांच्या टेबलावर होतं. हे मला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं. काकांना माहीत नव्हतं. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, "तू होतीस ना? यानं मना केलं होतं?"

मी म्हटलं, "मला नीट आठवत नाही, सर."

एवढंच. पाच शब्द. काकांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर कदाचित मी शब्द मागे घेतले असते. पण त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी काउंटरवरची काठी उचलली, टेबलाशी नेली, गरम हवेची गन लावली आणि दांडी काढायला सुरुवात केली. निखिल तोवर साहेबांना सांगत होता की नवी दांडी लगेच बसवून देतो आणि या माणसाला आजच कमी करतो. गन बंद करून काकांनी दांडी सरळ ओढून काढली, टेबलावर ठेवली आणि काळा टी-शर्ट काढून शर्ट घालायला आत गेले.

मला ती जागा मिळाली. क्वालिटी हेड झाले. चूक कुठे झाली, कुणामुळे झाली, हे शोधून कागदावर मांडणं हे माझं रोजचं काम. माझ्या सहीशिवाय कुठलीही चौकशी बंद होत नाही. काकांना मी फोन केला नाही. आधी लाज वाटत होती म्हणून, आणि नंतर उशीर झाला होता म्हणून. भोसरीतली जागा गेली होती. त्यांना कुठे काम मिळालं असेल, याचा विचार मनात आला की मी दुसरं काहीतरी हातात घ्यायचे.

दोन वर्षांनी चाकणच्या फेज टूमध्ये आमच्या एका पुरवठादाराकडे ऑडिटला गेले. गेटवर निळ्या, अंगाला मोठ्या झालेल्या गणवेशातला वॉचमन रजिस्टर घेऊन गाडीजवळ आला आणि वाकून काचेतून आत बघायला लागला. ते काका होते. मी खाली उतरले.

"काका..."

"या मॅडम. नाव लिवा, गाडीचा नंबर लिवा, कुनाला भेटायचं ते लिवा."

मी लिहिलं. मग मी जे दोन वर्षं मनात घोळवत होते ते भडाभडा बोलून टाकलं. मी त्या दिवशी बोलायला हवं होतं, मला सगळं आठवत होतं, मला माफ करा.

काकांनी रजिस्टर बंद केलं. "बोलला आसता तर साहेबानं तुमालाबी घालवलं आसतं. येकाच्या जागी दोगं गेलं आसतं. त्यात काय फायदा?"

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला व्हता. म्हातारपणी राग पचत न्हाई, सोडला."

मी म्हटलं, माझ्या ओळखीनं कुठेतरी काठ्यांचं काम मिळवून देते. त्यांनी मान हलवली. "आता नगं. हातात भरवसा ऱ्हायला न्हाई. परवा सोसायटीतल्या येकानं काठी दाखवली. मी धरली आन वाटलं, आपलंच चुकत आसंल." मग माझ्या जवळ येऊन, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मॅडम, मी खरंच नगं म्हणलो व्हतो ना त्या दिशी? का माझंच डोकं..."

चाळीस वर्षं ज्यांनी नुसत्या आवाजावरून दांडी ओळखली, त्या माणसाला स्वतःच्या तोंडून गेलेला शब्द खरा की खोटा हे माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं.

"हो काका. तीनदा म्हणालात. साहेबांना, निखिलला आणि मला."

"मग बरं," ते म्हणाले. मागे ट्रक हॉर्न देत होता. त्यांनी बांबू वर केला आणि मला आत जायची खूण केली. मी गाडीत बसताना ते पुन्हा काचेशी आले. "येकदा घरी या देहूरोडला. हिला सांगा तेवढं. माझं ती ऐकत न्हाई." पत्ता सांगितला. मी म्हटलं, या रविवारी येते.

त्या रविवारी ऑडिटचा अहवाल होता. पुढच्या रविवारी लातूरहून आई आली. त्यानंतर गिऱ्हाइकाची तक्रार आली आणि मी तीन आठवडे कंपनीतच होते. पत्ता फोनमध्ये लिहून ठेवला होता. रोज फोन उघडायचे, आणि तो पत्ता दिसायचा.

पावणेतीन महिन्यांनी पुन्हा त्या पुरवठादाराकडे गेले तर गेटवर दुसराच माणूस. मी विचारलं. "ते बाबा? ते गेले की. इथंच, टाइम ऑफिसच्या बाकड्यावर. दुपारचा डबा खाऊन बसले होते. आम्हाला वाटलं डुलकी लागली." पुण्यानुमोदनाचा विधी होऊनही आठवडा झाला होता.

त्या दिवशी मी कुणालाही न सांगता ऑडिट अर्धं सोडलं आणि देहूरोडला गेले. दोन खोल्यांचं घर, दारात धुतलेल्या पांढऱ्या साड्या वाळत घातलेल्या. आत फळीवर बुद्धमूर्ती, शेजारी काकांचा ओळखपत्रावरून मोठा केलेला फोटो, फुलं सुकलेली. काकांच्या पत्नी सुमनबाई एकट्या होत्या. मुलगी हिंजवडीला कामाला गेलेली. त्यांनी मला बसायला सतरंजी दिली, पाणी दिलं.

"तुमच्याकडं कामाला व्हते का?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी त्यांच्याकडून काठी बनवून घेतली होती."

"मग तुमची नीट बनवली म्हना." त्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "शेवटाला हात बिघडला व्हता त्यांचा. त्या काचेच्या दुकानात येका मोठ्या साहेबाची काठी खराब केली, म्हनून काढलं. पोरीनं फोन करून इचारलं तवा मालकानंच सांगितलं. हे म्हणायचे, मी न्हाई बिघडवली, मी नगंच म्हणलो व्हतो. पर मालक कशाला खोटं बोलंल? शिकलेला पोरगा."

मी तांब्या खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. गोल्फ काय, हायब्रिड काय, हे त्यांना समजावं म्हणून थांबत थांबत सांगितलं. साहेबांना हवी होती ती दांडी, काकांचा नकार, त्यांनी मला सांगा म्हटलं तेव्हा मी हसले ते. सोमवारी साहेबांनी मला विचारलं ते, आणि मी काय उत्तर दिलं तेही. काही लपवलं नाही.

सुमनबाई ऐकत राहिल्या. चेहरा हलला नाही. माझं बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "म्हंजी ते खरं बोलत व्हते."

"हो."

"आन तुमाला ठावं व्हतं."

"हो."

"मी त्यांना लई बोलायची, बाई." त्यांचा आवाज तसाच, कोरडा. "वॉचमनचा डगला घालून निघाले की म्हणायची, येक काठी बसवता आली न्हाई, आता ऱ्हावा गेटावर उभं. जेवाया वाढताना म्हणायची. त्या दिशी सकाळी डबा देतानाबी म्हणले."

मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी हात मागे घेतला, रागानं नाही, जसा माणूस गरम भांड्यापासून घेतो तसा. बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. सुमनबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि दार पूर्ण उघडून धरलं.

"तुमी जावा आता," त्या म्हणाल्या. "पोरगी साडेसहाला येती. तिला काय सांगू नका. तीबी त्यांना बोलायची."